पिवळ्या पट्टीला शब्द कळत नाहीत

ओळखीतल्या एका गृहस्थांनी एक अहवाल पाठवला होता. 'जरा नजर टाका' एवढंच म्हणणं. लांबलचक पीडीएफ, तक्त्यांनी आणि तळटीपांनी गच्च भरलेली. मी ती ऑक्युलरमध्ये, म्हणजे माझ्या पीडीएफ वाचायच्या प्रोग्रॅममध्ये, उघडली आणि सवयीने आधी डावीकडचा टीपांचा रकाना उघडला. फाइलभर कुणी कुठे काय खुणा केल्यात त्याची यादी तिथे पानवार लागते. अशा फाइलींत ती बहुतेक रिकामीच असते. या वेळी एक टीप होती. मधल्याच कुठल्याशा पानावर, एका अगदी निरुपद्रवी वाक्याशेजारी चिठ्ठीचं पिवळं चिन्ह आणि आत लिहिलेलं: 'हे तेव्हाच माहीत होतं ना?' लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं 'युजर'. शेजारी तारीख आणि वेळ. वेळ रात्रीची, एरवी माणसं झोपलेली असतात तेव्हाची. गृहस्थांना विचारलं, तर अशी काही टीप आहे हेच त्यांच्या गावी नव्हतं. ते फोनवर वाचतात, आणि त्यांच्या फोनमधलं ॲप ती चिठ्ठी दाखवतच नाही. फाइल त्यांनाही दुसऱ्या कुणाकडून आलेली, त्या कुणाला आणखी तिसऱ्याकडून. ते वाक्य मी कितीदा तरी वाचलं. एक मंजुरी, एक तारीख, बाकी काही नाही. पण त्या शेवटच्या 'ना'मध्ये राग आहे की हताशपणा, हे काही केल्या ठरेना.

तेव्हाच म्हणजे केव्हा?

जुन्या पुस्तकात कुणाची पेन्सिल सापडली की निदान माणूस थोडाफार दिसतो. रेघ पट्टीने मारली आहे की मोकळ्या हाताने, शिसं किती दाबलंय, कुठल्या प्रकरणानंतर खुणा एकदम बंद पडल्यात (म्हणजे गडी तिथे कंटाळला, किंवा परीक्षा संपली). शाई फिकी पडते, कागद पिवळा पडतो, त्यावरून काळाचाही अंदाज बांधता येतो. पीडीएफमधल्या चिठ्ठीत यातलं काहीच नाही. अक्षर सगळ्यांचं सारखं. उलट कागद जे कधीच सांगत नाही ते ती बिनदिक्कत सांगते: नेमकं कोणत्या सेकंदाला लिहिलं. मला माणूस हवा होता, मिळाला सेकंद.

खुणांच्या बाबतीत मी हळवी आहे, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी वाचनासाठी मी एक ॲप वापरत असे. नाव सांगत नाही. देखणं होतं. हायलाइटचे रंग डोळ्यांना सुखावणारे, टीपा लिहायला मोकळी जागा, सगळं कसं गुळगुळीत. मग एक अपडेट आलं आणि नव्या योजनेचे पैसे भरल्याशिवाय जुन्या टीपा दिसेनाशा झाल्या. फाइली माझ्याकडे होत्याच. त्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या, तर एकाही पानावर एकही रेघ नाही, सगळ्या उघड्याबोडक्या. खुणा फाइलमध्ये कधी नव्हत्याच. त्या ॲपच्या स्वतःच्या कोठारात होत्या आणि वाचताना वरून दाखवल्या जात होत्या. दस्तऐवज काय, पुन्हा कुठूनही मिळतात. पण एखादा अवघड परिच्छेद तिसऱ्या वाचनात उलगडला आणि तिथे घाईघाईने दोन शब्द खरडले, ते दोन शब्द कुठून मिळणार? पैशांचा राग नव्हता. 'माझ्या टीपा नेमक्या कुठे आहेत?' एवढंच मी मदतकक्षाला विचारलं होतं. पत्र आलं ते फार नम्र होतं, आणि त्यात उत्तर नव्हतं.

तिथून मी ओपन सोर्सकडे, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो अशा प्रोग्रॅमांकडे, आले. तत्त्वाबित्त्वासाठी नव्हे, चिडून. आत शिरल्यावर कळलं की इथे बरेचजण एकमेकांचे नातलग आहेत. १९९५ मध्ये डेरेक नूनबर्ग यांनी एक्सपीडीएफ नावाचा पीडीएफ दाखवणारा साधासुधा प्रोग्रॅम लिहिला. २००५ मध्ये त्याच्या कोडमधून पॉपलर ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांना वापरता येईल असा तयार कोड) फुटून निघाली. पान पडद्यावर रंगवायचं काम तिचं, खिडक्या नि बटणं ज्याची त्याने बघावीत. प्रत्येकाने तेच इंजिन नव्याने बांधत बसायला नको. त्याच वर्षी ग्नोमच्या गोटात एव्हिन्स हा पीडीएफ-वाचक दाखल झाला, आणि केडीईच्या गोटात (ग्नोम आणि केडीई हे लिनक्सवरचे दोन मोठे डेस्कटॉप) गुगलच्या 'समर ऑफ कोड'मधला विद्यार्थी प्रकल्प म्हणून ऑक्युलरची सुरुवात झाली. दोघांच्याही पोटात पॉपलर. विंडोजवरचा सुमात्रा आज दुसऱ्या घराण्यातला, म्यूपीडीएफ या इंजिनाच्या. फायरफॉक्सने २०१३ पासून पीडीएफ थेट ब्राउझरमध्येच उघडायला सुरुवात केली, तेही सगळं जावास्क्रिप्टमध्ये लिहून. पानावर मजकूर टाकायची आणि रेघोट्या ओढायची सोय तिथे २०२२ मध्ये आली. माझा मुक्काम ऑक्युलरवर पडला तो फार विचार करून नव्हे. माझं यंत्र जुनं होतं आणि त्यावर तो कुरकुर न करता चालत होता. पुढे त्याला ब्लू एंजल हे जर्मनीचं पर्यावरणचिन्ह मिळालं, ते मिळवणारा तो पहिलाच संगणक प्रोग्रॅम, हे वाचलं तेव्हा माझ्या जुन्या यंत्राची मान उगाच ताठ झाल्यासारखी वाटली.

पण घराणं चांगलं म्हणून सगळं आलबेल होतं असं समजू नये. ऑक्युलरसुद्धा सुरुवातीची कित्येक वर्षं पीडीएफमध्ये टीपा लिहीतच नसे. वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमध्ये आत कुठेतरी 'डॉकडेटा' नावाची जागा असे आणि तिथे प्रत्येक दस्तऐवजामागे एक एक्सएमएल फाइल, म्हणजे टॅगांत बांधलेला साधा मजकूर. तिचं नाव कसं ठरायचं? मूळ फाइलचा बाइटमधला आकार, मग टिंब, मग मूळ फाइलचं नाव. म्हणजे तुम्ही नीटनेटकेपणाच्या भरात फाइलचं नाव बदललंत की टीपांची चुकामूक. फाइल दुसऱ्याला पाठवलीत की टीपा घरीच. २०१२ मध्ये पॉपलर पीडीएफमध्ये टीपा लिहायला शिकलं आणि 'सेव्ह ॲज'चा रस्ता उघडला. साधं 'सेव्ह' दाबलं की टीपा फाइलमध्ये गेल्या, ही आज सगळ्यांना स्वाभाविक वाटणारी गोष्ट यायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. मग त्या देखण्या ॲपमध्ये आणि यात फरक काय राहिला? खुणा दोघांनीही बाहेरच ठेवल्या होत्या. पण ती एक्सएमएल फाइल मला साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडता येत होती. टॅगांच्या गर्दीत माझी वाक्यं जशीच्या तशी होती, काना-मात्रेसकट. गैरसोय दोन्हीकडे, कुलूप एकीकडेच.

फाइलच्या आत डोकवायची खोड मला तेव्हापासून लागली. त्या 'युजर'ची चिठ्ठीही मी अशीच उघडून पाहिली. क्यूपीडीएफ नावाचं एक छोटं साधन आहे; ते पीडीएफमधला दाबून बसवलेला मजकूर मोकळा करून वाचण्याजोगा मांडतं. त्यात शोधत शोधत चिठ्ठीपर्यंत पोचले. प्रत्येक टीप म्हणजे एक छोटी नोंद असते: प्रकार कोणता, पानावर जागा कोणती, लिहिणारा कोण, केव्हा लिहिलं आणि काय लिहिलं. देवनागरी तिथे देवनागरीत दिसत नाही, युनिकोडने प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या आकड्यांत दिसते. ०९३९, ०९४७, ००२०, ०९२४. म्हणजे ह, त्यावरची मात्रा, मोकळी जागा, मग त. बोटाने एकेक अक्षर लावत मी 'हे तेव्हाच' असं वाचत गेले आणि मध्येच हसू आलं, कारण पडद्यावर हे आधीच वाचून झालं होतं. तरीही त्या आकड्यांतून तोच प्रश्न पुन्हा उमटताना पाहणं काही वेगळं होतं. नावाच्या रकान्यात 'युजर' हे कुणी जाणूनबुजून लिहिलेलं नव्हतं, असं मला वाटतं. बरेच प्रोग्रॅम तिथे संगणकावरच्या खात्याचं नाव आपणहून टाकतात. कुठल्याशा कचेरीतलं सामायिक यंत्र असणार, रात्री उशिरापर्यंत चालू.

हायलाइटची नोंद मात्र चिठ्ठीपेक्षा विचित्र निघाली. मी धरून चालले होते की मी एखादं वाक्य पिवळं केलं की फाइलमध्ये कुठेतरी ते वाक्य नोंदवलं जात असेल. तसं काही नसतं. नोंदवले जातात कोपरे. प्रत्येक ओळीच्या तुकड्याचे चार कोपरे, प्रत्येकाचे दोन आकडे, मिळून आठ. मोजमाप एका इंचाचे ७२ भाग करून, आणि मोजायची सुरुवात सहसा पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून. ए-फोर कागद या हिशेबात साधारण ५९५ बाय ८४२. म्हणजे 'हे वाक्य महत्त्वाचं' असं आपण म्हणतो आणि फाइल नोंद करते की तळापासून ५१२ उंचीवर एक पट्टी आहे. पानावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर रंगवावं तसं. खालचा मजकूर काय आहे याच्याशी त्या रंगाला कर्तव्य नाही. १९९३ मध्ये अडोबीने पीडीएफ बाजारात आणलं तेव्हा तर हायलाइट नव्हतंच. चिकटवायची चिठ्ठी आणि दुवा, एवढ्या दोनच सोयी. अधोरेखन, हायलाइट, हाताने ओढलेली रेघ हे सगळं १.३ या आवृत्तीत आलं. आणि २००८ मध्ये पीडीएफ आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक झालं, तेव्हापासून हे आठ आकडे कुणा एका कंपनीच्या मर्जीवर राहिले नाहीत. माझ्या त्या गुळगुळीत ॲपला हे सगळं पाळता आलं असतं. त्यांनी पाळलं नाही, एवढंच.

देवनागरीत वाचणाऱ्याला या आंधळ्या पट्टीचा फायदाच होतो. मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी करून पाहिलाय कधी? जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत बसवलेली पुस्तकं असतील तर हाती इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हांची भेळ येते. नव्या फॉन्टांतही पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येऊन बसते, जोडाक्षरं सुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. कारण पीडीएफ हे मुळात छापण्याचं चित्र आहे. कोणता आकार कुठे ठेवायचा हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्या आकाराचं अक्षर कोणतं, हे सांगणारा तक्ता बरोबर दिला असेल तरच कळतं, आणि तो बरेचदा अर्धवट असतो. त्यामुळे शोध चालत नाही. डोळ्यांसमोर 'किंमत' हा शब्द दिसत असतो आणि प्रोग्रॅम म्हणतो, सापडला नाही. पण पिवळी पट्टी तिथेही बिनचूक बसते. तिला शब्द कळतच नसल्यामुळे शब्द मोडलेले असले तरी तिचं काही अडत नाही. स्कॅन केलेल्या पुस्तकात तर निवडायला मजकूरच नसतो. तिथे चौकोन काढावा किंवा मोकळ्या हाताने रेघ ओढावी. टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने मराठी ओळखून खाली अदृश्य मजकुराचा थर घालता येतो, पण पान तिरकं असेल तर निकाल वाचून करमणूक होते. टीप देवनागरीत लिहायची तर मी चिठ्ठीतच लिहिते. थेट पानावर टाइप केलेल्या मराठीत माझ्याकडे मात्रा सुट्या पडलेल्या मी पाहिल्यात, आणि आपलंच वाक्य असं विस्कटलेलं बघवत नाही.

काही दस्तऐवज मात्र टीप लिहूच देत नाहीत. फाइल उघडते, वाचता येते, पण हायलाइटचं बटण मलूल. आत परवानग्यांचा एक आकडा असतो. त्याचा एकेक बिट म्हणजे एकेक मुभा. छापायची, कॉपी करायची. सहावा बिट टीपा लिहिण्याचा. गंमत अशी की फाइल एकदा उघडली की ही बंदी मोडता येणार नाही अशी कुठलीच यंत्रणा पीडीएफमध्ये नाही. बंदी पाळायची की नाही हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या सभ्यतेवर सोडलेलं आहे. ऑक्युलर ती पाळतो, पण सेटिंगमध्ये 'डीआरएमच्या मर्यादा पाळा' अशी एक चौकट ठेवून (डीआरएम म्हणजे वापरावरची अशी डिजिटल बंधनं). खूण काढली की पाळत नाही. छपाईवरच्या, कॉपीवरच्या बंदीबद्दल दोन बाजू असू शकतात, मला दोन्ही कळतात. पण समासात लिहायची बंदी? मी माझ्या प्रतीत, माझ्या खोलीत, कुणाला न दाखवता 'हे पटत नाही' असं लिहिणार, त्यावर कुणाचा हक्क असावा हे मला आजवर कुणी समजावू शकलेलं नाही. चौकटीतली खूण मी काढून ठेवली आहे.

टीप फाइलच्या आतच हवी, या माझ्या हट्टाच्या उलट म्हणणं झोटेरो (संशोधनाचे संदर्भ सांभाळणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांचं. त्यांच्याकडे २०२२ पासून आतच पीडीएफ वाचता येतं, आणि टीपा मुद्दामच फाइलमध्ये न जाता झोटेरोच्या डेटाबेसमध्ये राहतात. मूळ फाइलला हात लागत नाही, हायलाइट केलेल्या वाक्याचे शब्द वेगळे नोंदवले जातात, सगळ्या टीपा एका जागी शोधता येतात. हवं तेव्हा टीपांसकट पीडीएफ बाहेर काढता येते. संशोधन करणाऱ्याला हेच सोयीचं, मान्य. पेनाने लिहिणारे झुर्नल प्लस प्लस वापरतात; त्याचीही स्वतःची वेगळी फाइल, पीडीएफवर अंथरलेली. मी दोन्ही वापरून पाहिली आणि परत आले. माझ्या मनाचा तो एक कोपरा दुखावलेला आहे, त्याला टीप फाइलच्या आतच हवी असते. हे तर्काला धरून नाही, मला माहीत आहे.

आणि आत असण्याचीही किंमत आहेच. ती चिठ्ठी अशीच तर माझ्यापर्यंत आली. लिहिणाऱ्याने फाइल पुढे पाठवताना आपला प्रश्नही सोबत जातोय हे पाहिलं नसणार. बरं, पुसली असती तरी खात्री नव्हती. पीडीएफमध्ये बदल जुनं काही न खोडता शेवटी जोडायची पद्धत आहे, आणि बरेच प्रोग्रॅम सेव्ह करताना तीच वापरतात. पटकन होतं, मूळ बाइट जसेच्या तसे राहतात, डिजिटल सही असलेल्या फाइलींना तर ते लागतंच. पण मग पडद्यावरून पुसलेली टीपही मधल्या थरात राहून जाऊ शकते. पाहायचीच असेल त्याला सापडते. हल्ली फाइल बाहेर पाठवायच्या आधी मी ती क्यूपीडीएफमधून नव्याने लिहून घेते, म्हणजे मागचे थर गळून पडतात. हे करताना आपण फारच संशयी झालोय की काय असं वाटतं, आणि तरीही करते.

खरं सांगायचं तर इतक्या जपणुकीच्या लायकीच्या माझ्या खुणा नसतात. हायलाइट करणं फार सोपं झालंय. बोट ओढलं की झालं. वाक्य समजल्याचं समाधान मिळतं आणि समजून घ्यायचं राहून जातं. जुन्या पोथ्यांत लिहिताना चूक झाली की त्यावर हरताळ, एक पिवळं खनिज, लावून ती झाकत. पिवळा रंग म्हणजे तेव्हा 'हे वगळून वाचा'. माझी काही पानं बघितली की वाटतं, त्या लेखकूंनी ही पाहिली तर म्हणतील, बाईंनी सगळंच रद्द केलंय. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला: पट्टी ओढली तर सोबत चिठ्ठीत किमान दोन शब्द लिहायचेच. 'का?' चालेल, 'छे' चालेल. नुसता रंग चालणार नाही. नियम पाळला जातो तेव्हा वाचन निम्म्या वेगाने होतं.

मध्यंतरी मी नेहमी वापरते त्या एका नियमावलीची सुधारित आवृत्ती आली. जुन्या प्रतीत वर्षांच्या खुणा. वाटलं, त्या उचलून नव्या प्रतीवर टाकाव्यात. नोंदी बाहेर काढता येतात, पान क्रमांक तेच आहेत, काय अवघड आहे? टाकल्या. सुरुवातीची काही पानं ठीक गेली. मग नव्या आवृत्तीत कुठेतरी एक ओळ वाढलेली, आणि तिथून पुढे सगळ्या पट्ट्या एकेक ओळ वर. 'हे फार महत्त्वाचं' अशी चिठ्ठी एका रिकाम्या जागेवर. 'चूक!' हे उद्गारचिन्हासकट एका निष्पाप उपशीर्षकावर. आठ आकडे आपल्या जागी अगदी इमानदारीत बसले होते; खालून मजकूर सरकला होता. मग दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडून मी खुणा हाताने हलवायला बसले. प्रत्येक चिठ्ठीपाशी थांबावं लागलं, कारण ती कुठे न्यायची हे कळायला ती का लिहिली होती ते आधी आठवावं लागे. काहींचं कारण लगेच लागलं. काही वाचून मी स्वतःशीच वाद घातला. एका जागी मी चिडून लिहिलेला आक्षेप नव्या आवृत्तीत दूर केलेला होता. ती चिठ्ठी हलवायची गरज उरली नाही आणि पुसवेनाही. पुष्कळशा नुसत्या पिवळ्या होत्या, नियमाच्या आधीच्या, बिनशब्दांच्या. त्या मी नेल्या नाहीत. जुनी फाइल मात्र नावापुढे 'जुनी' असं लिहून ठेवून दिली आहे.